हाकेतलं नाव

टोर्किल मॅकॉलेच्या मुलीला जन्माला येऊन दोन आठवडे झाले होते. एवढ्यात तिला कपाटात मावणार नाहीत इतके स्वेटर मिळाले होते, सासऱ्याच्या कळपातली एक मेंढी तिच्या नावावर झाली होती, चर्चमध्ये तिच्यासाठी एकदा प्रार्थनाही होऊन गेली होती. नाव तेवढं मिळालं नव्हतं.

नाव नव्हतं असंही नाही म्हणा. टोर्किलच्या डोक्यात ते पक्कं होतं. अडचण एवढीच की त्याच्या डोक्याबाहेर ते कुठेही सापडत नव्हतं. नावांच्या पुस्तकात नव्हतं, शब्दकोशात नव्हतं, आणि ज्या बेटावर एकाच नावाची सात माणसं एका बाकावर बसलेली आढळतात, त्या लुईस बेटावर या नावाचं एक माणूस जिवंत नव्हतं. नाव होतं वेहक.

टोर्किल स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर बोटीच्या तिकिटांच्या कचेरीत होता. वारा सुटला की 'आजची बोट रद्द' असं भोंग्यावरून सांगायचं काम त्याच्याकडे. त्यामुळे वारा तोच सोडतो अशी बेटावर बऱ्याच जणांची समजूत झालेली. लग्नाला, अंत्यविधीला, दाढ काढायला निघालेली माणसं खिडकीशी येऊन त्याच्याकडे अशा नजरेने बघत की त्याने घरी फुंकर मारण्याचा सराव केला असावा. माणूस तसा सरळ. समोरून त्याला होर्किल म्हणून हाक मारत, पाठीमागे नावं ठेवायची तर टोर्किल म्हणून ठेवत. बेटावर सगळ्यांचंच असं. चाळीस वर्षं तो एका नावाला ओ देत आणि दुसऱ्याने सही करत आला होता, आणि त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण त्याने ठेवलं नाही.

मुलगी झाली त्या दिवशी बोट बंदच होती. वादळ असं की इस्पितळाच्या खिडक्या आत येऊ बघत होत्या. इशबेलचे दिवस अजून पुरे भरले नव्हते, मोठ्या इस्पितळात न्यायला विमान उडत नव्हतं, आणि टोर्किल भिंतीला पाठ लावून उभा होता. मूल बाहेर आलं आणि रडलं नाही. निळंसर, मूठभर, गप्प. सुईण त्याची पाठ चोळत होती, डॉक्टर खाली वाकला होता, कुणी काही बोलत नव्हतं. त्या शांततेत टोर्किलच्या तोंडून एक शब्द निघाला. आपण बोललो हेही त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "वेहक." जरा मोठ्यानेच म्हणाला. आणि पोरीने ट्यांहां केलं.

सुईण नंतर म्हणाली की पाठ चोळली म्हणून रडली. डॉक्टर म्हणाला, नळीने घसा साफ केला म्हणून रडली. टोर्किलने दोघांचे दोन्ही हात धरून आभार मानले, कारण तो कृतघ्न नव्हता. पण ती कुणाच्या हाकेला रडली हे त्याला ठाऊक होतं.

लहानपणी तो सुट्टीत आजीकडे जाई, बेटाच्या पश्चिम टोकाला, क्रोसनिशला. आजीच्या घराला लागून दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडे एक एकटी म्हातारी. गाव तिला कोंबडेवाली म्हणे, कारण तिच्या कोंबड्याने एकदा चर्चच्या वाटेवर पाद्र्याच्या पोटरीचा चावा घेतला होता आणि गावाला तेवढं कारण पुरलं. आजी तिच्याविषयी इतरांशी बोलायची ती 'ती पलीकडची' म्हणून. तिला बोलवायचं झालं तरच गडग्याशी उभी राहून आजी हाक मारी, वेहक, आणि पलीकडून ओ येई. पाच वर्षांचा टोर्किल एकदा जळणाची माती, पीट, कापतात त्या खड्ड्यांमागच्या दलदलीत रुतला. कमरेपर्यंत गेला, मग छातीपर्यंत. आजीचे गुडघे धरलेले, तिला धावता येईना. तिने गडगा धरून हाक मारली. अशी हाक टोर्किलने आयुष्यात परत ऐकली नाही. म्हातारी एका पायात बूट नि दुसरा पाय अनवाणी अशी पळत आली, चिखलावर पालथी पडली आणि त्याला कॉलर धरून ओढून काढला. मग त्याच कॉलरला धरून एक ठेवूनही दिली.

आजी गेली, पाठोपाठ म्हातारीही गेली. मागे मूल नाही, भाचरं नाहीत. बेटावर माणूस मेलं तरी नाव कुणाच्या तरी नातवंडात चालू राहतं, हिचं नाव मात्र तिच्याबरोबर मातीत गेलं. ते आपल्या पोरीला द्यायचं हे टोर्किलने त्या भिंतीपाशीच ठरवलं होतं. इशबेलला सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हेच ठेवायचं. फक्त बाबांना ती रडली नव्हती हे सांगू नकोस. त्यांना झोप लागणार नाही." मग तिने विचारलं, "लिहायचं कसं रे होर्किल?"

इथून पुढे सगळं घसरत गेलं.

बेटाची गेलिक ही टोर्किलसाठी नुसती ऐकलेली भाषा. तिच्यात तो भांडू शके, मेंढ्या हाकू शके, प्रार्थनेत कुठे उभं राहायचं हे ओळखू शके. पण शाळा झाली इंग्रजीत, त्यामुळे त्या भाषेत वाण्याची यादीसुद्धा त्याने कधी लिहिली नव्हती. त्याने ॲबर्डीनला आईला फोन केला. ती मुख्य भूमीवरची, तिला गेलिक येत नव्हती. ती म्हणाली, "तुझी आजी बोलायची आणि मी मान हलवायचे. इतकी वर्षं आमचं छान चाललं. त्या बाईला तर मी नुसतं हसून दाखवायचे."

इकडे सासरेबुवा थांबायला तयार नव्हते. कॅलम मॉरिसनला मुलगा नव्हता, इशबेल एकुलती एक. बेटावर पुरुषाच्या नावाला शेपूट लावलं की बाईचं नाव तयार होतं. मर्डोची मर्डिना, केनेथची केनेथिना, हेक्टरची हेक्टरिना. तशी कॅलमची कॅलमिना. पहिलं नातवंड आजोबाच्या नावाचं, यात विचारण्यासारखं काय आहे असं कॅलमचं म्हणणं, म्हणून त्याने विचारलंच नाही. मुलगी झाल्याची बातमी कळली त्याच दुपारी त्याने रंगाचा डबा उघडला आणि आपल्या मासेमारीच्या होडीवर पांढऱ्या अक्षरांत 'कॅलमिना' लिहून टाकलं. गाव बघून गेलं, वळण सुंदर आहे म्हणालं. सासूबाई बाराबल यांनी तेच नाव विणून एक पांघरूण पुरं केलं. त्यांचं विणणं भरभर आणि नवऱ्याचं शुद्धलेखन कच्चं, त्यामुळे होडीवर 'कॅलमिना' आणि पांघरुणावर 'कॅलुमिना' झालं, पण भावना पोचत होती.

"बाबांना मी सांभाळते," इशबेल म्हणाली. "तू फक्त ते नाव कागदावर उतरेल असं आण."

शेजारी निवृत्त हेडमास्तर यूअन मॅकफेल राहत. बेटावर एखादी गोष्ट कुणाला माहीत नसली की ती यूअनना माहीत असते, आणि नसली तर ते रात्रीतून माहीत करून घेतात. त्यांनी डोळे मिटून नाव ऐकलं आणि म्हणाले, "आपल्या गेलिक लिपीत अठरा अक्षरं. त्यात व्ही नाही. म्हणजे हे नाव गेलिक असूच शकत नाही."

टोर्किल म्हणाला, "पण आजी तर तेच म्हणायची."

"मग तुझी आजी वायकिंगांच्या नॉर्स भाषेत हाक मारत असणार," मास्तर म्हणाले. वायकिंग लोकांनी बेट जिंकलं तेव्हा त्यांच्या बायका इथे राहिल्या, त्यातल्या एकीचं हे नाव हजार वर्षं तगून राहिलेलं आहे, असं त्यांनी तासाभरात सिद्ध केलं. शोध इतका महत्त्वाचा की ते टोर्किलला न विचारता स्थानिक रेडिओवर गेले. सकाळच्या कार्यक्रमात, मेंढ्यांच्या भावांनंतर आणि हवामानाच्या आधी, निवेदिकेने वाचून दाखवलं की धक्क्यावरच्या कचेरीतले टोर्किल मॅकॉले हे वेहक नावाच्या बाईच्या शोधात आहेत, कुणाला माहिती असल्यास कचेरीत येऊन सांगावं.

मास्तरांना अभिप्रेत होती मेलेली बाई. बेटाने घेतली ती जिवंत.

बायको बाळंत होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच हा गृहस्थ रेडिओवरून बाई शोधतोय, ही बातमी दुपारच्या बोटीआधी सगळ्या गावांत पोचली. खिडकीशी माणसं तिकीट घ्यायला यायची आणि जाताना हळू आवाजात 'सापडली का' विचारायची. एका म्हाताऱ्याने काचेखालून त्याला धर्मपत्रक सरकवलं. शेजारच्या हॅरिसची एक बाई म्हणाली, तशी बाई माझ्या माहितीत नाही, पण तुम्ही तुमच्या बायकोचा विचार करावा. टोर्किलने संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर केलं की आपण विवाहित असून सुखी आहोत. भोंगा सगळ्या बंदराला ऐकू जातो हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच केलं, पण ऐकणाऱ्यांना त्यामुळे शंका आली. वरिष्ठांनी बोलावून, भोंगा बोटींसाठी असतो, एवढंच सौम्यपणे सांगितलं.

घरी इशबेल हसून हसून बाळासकट हलत होती. टोर्किलला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. ती हसत होती आणि बाळ श्वास घेत होतं, आणि हे दोन्ही आवाज एका खोलीत ऐकायला मिळतील की नाही असे दिवस त्याने नुकतेच पाहिले होते.

मग त्याला थडग्याची आठवण झाली. म्हातारी क्रोसनिशला समुद्राकाठच्या दफनभूमीत होती, दगडावर नाव असणारच. फक्त मोकळा वेळ रविवारीच. आता लुईसवर रविवारी काय करता येतं याची यादी छोटी आहे: चर्चला जाणं, जेवणं आणि परत चर्चला जाणं. टोर्किलने स्वतःशी युक्तिवाद केला की थडग्यांना भेट देणं हे धार्मिक काम आहे. मोबाइलवर दगडांचे फोटो काढणं धार्मिक आहे की नाही, हा प्रश्न त्याने पुढे ढकलला.

वेहक नावाचा दगड नव्हता. तीन ओळी झाल्या, चौथी झाली. मेरी, ॲन, कॅथरिन, मार्गारेट, सगळ्या इंग्रजीत शांतपणे पडलेल्या. आणि तो पाचव्या ओळीला लागला तोवर, त्याने उघडं टाकलेलं फाटक बघून पाद्री मॅकेन्झींचा बक्षीसविजेता मेंढा आत आला होता. कुठल्या तरी कुटुंबाने ठेवलेली ताजी फुलं त्याने खाल्ली आणि दुसऱ्या कुटुंबाच्या फुलांकडे वळला. टोर्किल धावला, शिंगं धरली, मेंढ्याने ढुशी दिली, आणि दोघे एका दगडाशी अडकून बसले. मेंढा पलीकडून ढकलतोय, टोर्किल दगडाला मिठी मारून अलीकडून शिंगं सोडत नाही. नाक दगडाला टेकलेलं, त्यामुळे त्यावरचं 'रेबेका मॉरिसन' हे नाव त्याने इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. नेमकं तेव्हाच चर्च सुटलं. रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या, आणि प्रत्येक मोटार दफनभूमीशी येऊन हळू झाली. कुणी भोंगा वाजवला नाही. रविवार होता.

सोमवारी तो जन्मनोंदणीच्या कचेरीत गेला, कारण मुदत बुधवारपर्यंतच होती. तिथल्या मिस मॅकआयव्हर शांत बाई. टोर्किलने नाव तीन तऱ्हांनी लिहून दाखवलं आणि यातलं बरोबर कुठलं ते विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तिन्ही चालतात. माझं काम लिहायचं. रडायचं काम लोक नंतर येऊन करतात."

टोर्किलने हातातली लेखणी खाली ठेवली. पोरीचं नाव ज्या बाईसाठी ठेवायचं, तिचं नाव आपण अंदाजाने ठोकून देतोय, हे त्याला एकदम लागलं. तिने त्याला ओढून काढताना अंदाज घेतला नव्हता. तो म्हणाला, बुधवारी येतो.

त्या दुपारी तो इशबेल आणि बाळाला घेऊन सासरी गेला, कॅलमला स्पष्ट काहीतरी सांगायलाच हवं म्हणून. तिथे पाद्री मॅकेन्झी आधीच बसले होते. ते बाळ बघायला आलो म्हणाले, पण बोलण्यात मेंढा दोनदा आला. कॅलम होडीचं कौतुक सांगत होता आणि जावयाकडे बघणं टाळत होता. बाराबल स्वयंपाकघरात होत्या. टोर्किल खुर्चीच्या कडेला बसून सुरुवात कुठून करावी याची जुळवाजुळव करत होता.

"वाराबल," कॅलमने आत हाक दिली, "चहा आण गं." मग पाद्र्यांकडे वळून म्हणाला, "स्कोन घ्याच. आज बाराबलने लोणी सढळ हाताने घातलंय."

टोर्किल उभा राहिला. "काय म्हणालात तुम्ही?"

"लोणी जास्त घातलंय म्हणालो."

"त्याच्या आधी."

"चहा आण म्हणालो. का रे होर्किल, तुला कॉफी हवी का?"

"तुम्ही वाराबल म्हणालात."

कॅलमने पाद्र्यांकडे बघितलं. मेंढ्याची ढुशी डोक्याला लागली होती की काय, असं दोघांच्याही मनात आलेलं दिसलं. "बायकोला हाक मारली बाबा."

"आणि नाव काय त्यांचं?"

"बाराबल," कॅलम समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुझी सासू. तुझ्या लग्नात पुढच्या बाकावर बसून रडत होती ती."

टोर्किल खाली बसला. तो स्वतः आठ वर्षं सासूला तोंडावर वाराबल म्हणत आला होता आणि पाठीमागे बाराबल. सासऱ्याला तोंडावर खालम, पाठीमागे कॅलम. त्याला स्वतःला सगळं बेट होर्किल म्हणून बोलवत होतं आणि पगार टोर्किलला देत होतं. हाक मारली की नाव बदलतं, आपल्याकडे बाळ हाकेत बाळा होतो तसं. हे त्याला जन्मापासून येत होतं, फक्त माहीत नव्हतं. आजीकडून ते नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. ऐकली होती ती हाक.

"मग," तो म्हणाला, "एखादीला वेहक म्हणून हाक मारत असतील, तर तिचं नाव काय?"

बाराबल चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. "बेहक," त्या म्हणाल्या, साखर किती विचारावी तितक्या सहज. "माझ्या आतेचं नाव. जुनं आहे, आता कुणी ठेवत नाही. का?"

सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसलं तेव्हा त्यांना उमगलं. "अरे, ते हे होय? तू आपला 'वेहक नावाची बाई, वेहक नावाची बाई' करत होतास. असं कुणी बोलतं का? मला वाटलं मास्तर म्हणतात तसं नॉर्वेकडचं काहीतरी असेल." मग त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "थडग्यावर सापडायची नाही म्हणा. इंग्रजीत सगळ्या बेहकांना रेबेका करून टाकायचे."

"रेबेका मॉरिसन," टोर्किल पुटपुटला.

"पाचव्या ओळीतली कोंबडेवाली?" पाद्र्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ज्या दगडाशी तुम्ही माझ्या मेंढ्याला..."

"हो."

म्हातारी तिथेच होती. काल भर दुपारी तो तिच्या दगडाला मिठी मारून बसला होता आणि तिचं नाव पन्नासदा वाचत होता. टोर्किल हसायला लागला, मग हसता हसता रडायला लागला, आणि थांबवताच येईना. इशबेलने बाळाला बाराबलच्या हातात दिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिनेच सांगितलं. वादळ, ती निळी मूठ, कुणी बोलत नव्हतं तो वेळ, आणि टोर्किलने मारलेली हाक. दलदलीची गोष्ट टोर्किलने सांगितली. बोलून झालं तेव्हा चहा गार झाला होता.

कॅलम आपल्या हातांकडे बघत होता. बोटांना पांढरा रंग अजून होता. "रडली नव्हती?" त्याने विचारलं.

"आधी नाही," इशबेल म्हणाली.

"आणि हे मला आज सांगताय." तो उठला आणि बाहेर गेला. खिडकीतून तो दिसत होता. होडीशी गेला, तिच्या नावावर हात ठेवून उभा राहिला. टोर्किलला वाटलं, आता हा रंगाचा डबा आणतो आणि पुसून टाकतो, आणि आपल्याला जन्मभर हे डोळ्यांसमोर दिसत राहणार. पण कॅलम नाक शिंकरून आत आला आणि पाद्र्यांना म्हणाला, "बेहक म्हणजे काय हो नेमकं? तुम्ही शिकलेले."

"बेहा म्हणजे जीव," पाद्री म्हणाले. "जीव असलेली, असंच म्हणा."

"म्हणजे उश्के-बेहातला बेहा?"

"तोच," पाद्री जरा नाइलाजाने म्हणाले. उश्के-बेहा म्हणजे जीवाचं पाणी, म्हणजे व्हिस्की. ती या घरात नसते असं पाद्र्यांना सांगितलेलं होतं.

कॅलमने बाराबलच्या हातातून बाळ घेतलं. "मग या नावात मी नाही असं कुणी म्हणू शकत नाही," तो म्हणाला. "होडी राहू दे कॅलमिना. होडीला नावाचं काही वाटत नाही, आणि माझ्याशिवाय तिला हाक मारतं कोण?" मग त्याने पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि एवढा वेळ आवरलेला त्याचा आवाज फुटला. "रडत जा गं बाई. हवं तेवढं रड. तुझा आजा जागा राहील."

बुधवारी मिस मॅकआयव्हरनी नाव लिहिलं. टोर्किलने बघितलं तर त्यात व नव्हताच, क सुद्धा नव्हता, आणि मधे एका 'ह'साठी दोन अक्षरं निवांत बसलेली होती. आजवर एवढं सुंदर काही लिहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. सोमवारी मी चुकीचं लिहिलं असतं तर तुम्ही लिहू दिलं असतं का, असं त्याने विचारलं.

"दिलं असतं ना," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लेखणी ठेवलीत. नाहीतर पोरीचं नाव जन्मभर 'अगं बेहक' झालं असतं. असं नाव मिळालेली माणसं बेटावर पुष्कळ आहेत. चांगली माणसं आहेत ती, फक्त त्यांना सारखं कुणीतरी बोलावतंय असं वाटत राहतं."

हेडमास्तरांनी आपली चूक कबूल केली नाही. त्यांच्या मते आता सिद्ध झालं ते इतकंच की वायकिंग बायकांनी नंतर गेलिक नाव घेतलं. मेंढ्याने खाल्लेल्या फुलांच्या जागी टोर्किलने नवी नेऊन ठेवली आणि जवळच्या त्या दगडाशीही एक गुच्छ ठेवला. रेबेकाला हात लावून, माफ करा, मी ओळखलं नाही, असं म्हणाला. आसपास कुणी नव्हतं. असतं तरी त्याची अब्रू आता त्या पलीकडे गेली होती.

शनिवारी वारा पडला. बोट वेळेवर सुटली आणि कुणी टोर्किलचे आभार मानले नाहीत, तेव्हा तोही सुटी घेऊन निघाला. तिघं क्रोसनिशला गेली. आजीच्या घराचं छप्पर बसलं होतं, पलीकडच्या घराच्या नुसत्या भिंती राहिल्या होत्या, पण मधला गडगा होता तसा होता. इशबेल बाळाला घेऊन वळसा घालून पलीकडे गेली, जिथे कोंबडे असायचे तिथे, आणि पांघरुणात पोरीला नीट गुंडाळून उभी राहिली. पांघरुणावर 'कॅलुमिना' होतं.

टोर्किल अलीकडे आला. आजी धरायची तो दगड त्याला सापडला, तो हाताखाली गुळगुळीत लागत होता. त्याने तो घट्ट धरला. मग त्याने हाक मारली. 'वेहक.' आजीच्या आवाजासारखा त्याचा आवाज निघाला, त्याचा त्यालाच चमत्कार वाटला.

पलीकडून बेहक मॅकॉलेने असा टाहो फोडला की दफनभूमीपर्यंत गेला असेल. तीस वर्षांनी त्या हाकेला ओ आली. टोर्किल गडग्यावर कपाळ टेकवून उभा राहिला आणि जितका वेळ ती रडली तितका वेळ ऐकत राहिला.